पडल्या जागेवरून वेग

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली जमीन वारंवार हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांत धक्क्यामागून धक्के येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. भिंतींना भेगा गेल्या, कौले निसटली, माणसे रात्र-रात्र घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. मग या भागात भूकंपमापक बसवले गेले. धक्का येताच जमीन कोणत्या क्षणी, कोणत्या दिशेला, किती वेगाने हलली याची नोंद हे यंत्र आपोआप करते.

असे यंत्र हाताशी नसताना हाच प्रश्न एका आयरिश अभियंत्याने वेगळ्या वाटेने सोडवायला घेतला होता. १६ डिसेंबर १८५७ रोजी दक्षिण इटलीत मोठा भूकंप झाला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट मॅलेट तिथल्या पडक्या गावांतून टेप आणि होकायंत्र घेऊन हिंडला. खांबावरचा दगडी गोळा खांबाच्या पायथ्यापासून किती अंतरावर पडला, तो किती उंचीवर होता, कोणत्या दिशेला गेला, एवढे तो टिपून घेई. त्यावरून त्या जागी जमिनीला बसलेल्या हिसक्याचा वेग तो काढी. १८६२ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल निघाला. भूकंपशास्त्राची पायाभरणी करणाऱ्या ग्रंथांत तो मोजला जातो.

या लेखाचा विषय तोच आहे: हवेत फेकल्या गेलेल्या वस्तूचा वेग शोधायचा कसा? पाठ्यपुस्तकात हा प्रश्न जवळजवळ नेहमी उलट्या बाजूने येतो. वेग दिलेला असतो, कोन दिलेला असतो आणि वस्तू कुठे पडेल ते विचारलेले असते. शेतात, मैदानावर, विहिरीच्या काठावर किंवा भूकंपानंतरच्या पडझडीत मात्र वस्तू कुठे पडली हे समोर दिसत असते. वेग कुणीच सांगितलेला नसतो, शोधायचा असतो तो वेगच. या उलट्या वाटेने गेल्याशिवाय हा विषय हाती लागत नाही, असे मला ठामपणे वाटते.

मॅलेटच्या हिशेबापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्या पद्धतींचा गाभा त्यात आहे. दोन मीटर उंच भिंतीच्या कडेवरून एखादे मडके आडवे फेकले गेले आणि भिंतीपासून सहा सेंटिमीटरवर पडले असे समजा. दोन मीटर खाली यायला लागणारा वेळ केवळ उंचीवर ठरतो: उंचीची दुप्पट करायची, गुरुत्व त्वरणाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. चार भागिले ९.८, त्याचे वर्गमूळ सुमारे ०.६४ सेकंद. तेवढ्या वेळात मडके सहा सेंटिमीटर आडवे गेले, म्हणजे त्याचा आडवा वेग सेकंदाला साधारण ९.४ सेंटिमीटर. उंची, अंतर आणि एक भागाकार. घड्याळाची गरजच नाही, कारण घड्याळाचे काम पृथ्वीने केलेले असते.

इथेच सावधही राहायला हवे. कौलारू घराच्या उतारावरून निसटलेले कौल भूकंपाच्या हिसक्याने कमी आणि उतारावरून घसरल्यामुळे जास्त वेग घेते. त्याच्या पडण्याच्या जागेवरून जमिनीचा वेग काढला तर उत्तर फुगलेले येईल. मडकेसुद्धा भिंतीवरून नुसते कलंडले की फेकले गेले हे आधी ठरवावे लागते. डहाणू-तलासरीत बसले तशा मध्यम धक्क्यांत जमिनीचा वेग इतका थोडा असतो की बहुतेक वस्तू जागच्या जागी डुलतात, फार तर कलंडतात. शिवाय कारवीच्या कुडाच्या भिंती हलक्या आणि लवचिक असतात, त्यांच्यावरून उडून पडेल असे जड काही नसतेच. मॅलेटची पद्धत दगडी इमारतींच्या मुलखात आणि मोठ्या भूकंपात शोभते. १२ जून १८९७ च्या आसाम भूकंपानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या आर. डी. ओल्डहॅम यांनी जमिनीतून उसळून बाहेर पडलेल्या दगडांच्या नोंदी केल्या. जमिनीचे त्वरण गुरुत्व त्वरणापेक्षा जास्त झाल्याशिवाय दगड असे उसळू शकत नाहीत, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. पुढे ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला तेव्हा धरणातच त्वरणमापक बसवलेला होता आणि उसळलेल्या दगडांवर विसंबण्याची वेळ आली नाही.

आता गाभ्याकडे. फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन वेग असतात, एक आडवा आणि एक उभा. हवेचा विरोध सोडून दिला तर आडव्या वेगाला बदलायला काही कारणच नसते, तो सुटतानाच्या क्षणी जेवढा तेवढाच जमिनीला टेकेपर्यंत राहतो. उभा वेग मात्र दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका बदलत जातो. वर जाताना तो घटतो, माथ्यावर शून्य होतो आणि खाली येताना वाढतो. कोणत्याही क्षणीचा खरा वेग हवा असेल तर त्या क्षणीचा आडवा आणि उभा वेग घ्यायचा, दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचे. काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतो तसेच. दिशा हवी असेल तर उभ्याला आडव्याने भागले की कोनाचा टॅन मिळतो.

दोन वेगांची ही फोड गॅलिलिओने घालून दिली. १६०८ च्या सुमारास पदुआमध्ये तो उतारावरून गोळी सोडत असे. गोळी टेबलावरून आडवी बाहेर पडे आणि खाली कुठे टेकली ते तो मोजून ठेवी. त्याच्या हस्तलिखितांतली ही पाने विसाव्या शतकात अभ्यासली गेली. १६३८ मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने मार्ग परवलयाचा असतो हे सिद्धतेसह मांडले. त्याच्या शंभर वर्षे आधी, १५३७ मध्ये, तार्ताल्या या इटालियन गणितज्ञाने ४५ अंशांच्या कोनात तोफगोळा सर्वांत लांब जातो असे सांगितले होते, पण त्याच्या हाती कारण नव्हते. कारण दोन वेगांच्या फोडीत आहे.

क्षणाक्षणाला बदलणारा वेग ही कल्पना मात्र युरोपातच जन्मली असे नाही. ११५० मध्ये लिहिलेल्या सिद्धान्तशिरोमणीत भास्कराचार्यांनी ग्रहांची तात्कालिक गती मांडली. एखादी राशी वाढत वाढत कमाल मर्यादेला पोचते, तिथे तिची वाढ शून्य होते हेही त्यांना दिसले होते. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, या घराण्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. भास्कराचार्यांचा विषय ग्रह होता, फेकलेला दगड नव्हे. पण माथ्यावर पोचलेल्या दगडाचा उभा वेग शून्य का होतो हे समजायला तीच दृष्टी लागते. विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त फसगत याच जागी होते: माथ्यावर दगड थांबतो असे ते लिहितात. थांबतो तो फक्त उभा वेग. आडवा वेग तसाच असतो, म्हणून माथ्यावर वेग सर्वांत कमी असतो, शून्य नसतो. दगड सरळ वर फेकला असेल तरच तो शून्य होतो.

मग सपाट मैदानावर फेकलेल्या चेंडूचा वेग कसा काढायचा? पुस्तकी सूत्रे कोन मागतात आणि कोन मोजणे हीच सर्वांत अवघड गोष्ट. माझ्या मते शाळेत सुरुवात करावी ती कोनाची गरजच नसलेल्या पद्धतीने. चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा आणि अंतर टेपने. समजा ३ सेकंद आणि ६० मीटर. अंतर भागिले वेळ म्हणजे आडवा वेग, सेकंदाला २० मीटर. एकूण वेळेचा अर्धा भाग वर जाण्यात गेला, म्हणून सुरुवातीचा उभा वेग दीड सेकंद गुणिले ९.८, म्हणजे १४.७. दोन्हींचा कर्ण २४.८ मीटर प्रतिसेकंद, कोन साधारण ३६ अंश. फेकणाऱ्याच्या हाताच्या उंचीमुळे थोडी चूक राहते. तीही नको असेल तर दुसऱ्या मुलाने चेंडू त्याच उंचीवर झेलावा.

या पद्धतीत एक सुंदर गोष्ट दडलेली आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. घड्याळाचे बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा उशीर सहज होतो. समजा ३ ऐवजी ३.२ सेकंद मोजले गेले. आडवा वेग १८.७५ येईल, खऱ्यापेक्षा कमी. उभा वेग १५.७ येईल, खऱ्यापेक्षा जास्त. दोन्हींचा कर्ण मात्र २४.४. वेळेत जवळपास सात टक्क्यांची चूक होऊन वेगात दोन टक्क्यांचीही चूक नाही, कारण दोन घटकांच्या चुका एकमेकींविरुद्ध जातात. कोनाला हा लाभ मिळत नाही, तो ३६ वरून ४० अंशांवर सरकतो. म्हणजे साध्या साधनांनी वेग भरवशाने कळतो, दिशा तेवढी कळत नाही. फेक ४५ अंशांच्या जवळ असेल तर वेगाच्या बाबतीत ही सवलत सर्वांत जास्त मिळते. प्रयोगातली चूक कुठे मुरते आणि कुठे फुगते हे समजून घेणे हा भौतिकशास्त्राचा अर्धा भाग आहे, आणि त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शिक्षणाची जी रीत घातली तीच ही रीत आहे. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही म्हणून त्यांनी कुरणशाळा काढली. शिकवण्याची साधने म्हणून आजूबाजूची पाने, बिया, शिंपले वापरले. त्यांचे काम बालशिक्षणाचे होते, पण जवळच्या वस्तूवरून शिकवण्याचा त्यांचा आग्रह अकरावीच्या वर्गालाही तितकाच लागू आहे.

डहाणू, घोलवड, बोर्डीच्या चिकूवाड्यांत या विषयाचा सर्वांत उपयोगी धडा रोज वाहत असतो. विहिरीवरचा पंप सुरू झाला की आडव्या पाइपातून पाणी बाहेर पडते आणि वाकत वाकत खाली येते. पाण्याचा प्रत्येक थेंब फेकलेली वस्तूच असतो. बोअरला ‘तीन इंची पाणी’ लागले असे आपल्याकडे म्हणतात, पण त्याने फक्त पाइपाचे तोंड कळते. पाणी किती मिळते हे कळायला वेग हवा. तो काढण्यासाठी काटकोनी पट्टी पुरते. तिची आडवी बाजू पाइपाच्या वरच्या कडेवर ठेवायची आणि खाली वळलेली ३० सेंटिमीटरची बाजू पाण्याच्या धारेच्या वरच्या कडेला टेकेपर्यंत पट्टी पुढे-मागे सरकवायची. ३० सेंटिमीटर पडायला पाण्याला ठरलेला वेळ लागतो, ०.२४७ सेकंद. तेवढ्यात धार पाइपाच्या तोंडापासून ५० सेंटिमीटर पुढे गेली असेल तर वेग सेकंदाला २ मीटरच्या किंचित वर. पाइपाचा आतला व्यास साडेसात सेंटिमीटर धरला तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ९ लिटर, तासाला ३२ हजार लिटर पाणी.

खालचे अंतर कायम ३० सेंटिमीटर ठेवल्यामुळे हिशेब अगदी सरळ होतो. धार दुप्पट पुढे गेली तर पाणी दुप्पट. या पाइपासाठी पुढे गेलेले दर दहा सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १.८ लिटर, अशा खुणा पट्टीवरच करून ठेवता येतात. अटी दोनच: पाइपाचे शेवटचे टोक खरोखर आडवे हवे आणि पाइप पाण्याने पूर्ण भरून वाहायला हवा. अर्धवट भरलेल्या पाइपाला हे गणित लावले तर उत्तर मोठे येईल. पंप सुरू केल्यावर लगेच आणि तासाभराने असे दोनदा मोजले तर विहिरीचा झरा पंपाला पुरतो की नाही तेही कळते. उन्हाळ्यात बागेला पाळी किती दिवसांनी द्यायची हे ठरवताना हा आकडा शेतकऱ्याच्या थेट कामाचा आहे.

गोफण आणि तीरकमठा ही या भागाच्या ओळखीची साधने. पीक निसवल्यावर पाखरे हाकायला गोफण लागते. वारली चित्रांत तीरकमठा ताणलेला शिकारी वारंवार दिसतो. गोफणीचा वेग तर फेकण्याआधीच काढता येतो. गोफणीची दोरी आणि हात मिळून त्रिज्या सव्वा मीटरच्या आसपास आणि सेकंदाला चार फेरे धरले, तर दगड सेकंदाला तीस मीटरच्या आसपास वेगाने फिरत असतो. दोरीचे एक टोक सुटले की दगड वर्तुळाच्या स्पर्शरेषेच्या दिशेने त्याच वेगाने निघतो, त्याला नव्याने जोर मिळत नाही. म्हणूनच गोफणीचे सारे कसब सोडण्याच्या क्षणात आहे. वेग फेऱ्यांतून येतो, नेम त्या क्षणातून.

बाणाला असे फेरे नसतात, आणि तो इतका झटकन जातो की हाताने घड्याळ चालवून उपयोग नाही. अशा वेगवान वस्तूंसाठी बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ मध्ये लोंबत्या ठोकळ्याची युक्ती प्रसिद्ध केली. गोळी ठोकळ्यात घुसून अडकते, दोन्ही मिळून मागे झुलतात आणि किती झुलले त्यावरून गोळीचा वेग निघतो. बाणाला तेच लावू. तीस ग्रॅमचा बाण दोन मीटर दोरीने टांगलेल्या तीन किलोच्या वाळूच्या पोत्यात रुतला आणि पोते २२ सेंटिमीटर मागे गेले, तर ते सव्वा सेंटिमीटर वर उचलले गेले. तेवढे वर चढायला सुरुवातीचा वेग सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर लागतो. बाण आणि पोते मिळून वजन बाणाच्या १०१ पट, म्हणून बाणाचा वेग अर्ध्या मीटरच्या १०१ पट, सेकंदाला सुमारे ५० मीटर. इथे संवेग टिकतो, ऊर्जा टिकत नाही, हे नीट ध्यानात ठेवायला हवे. बाण रुतताना त्याची जवळपास सगळी ऊर्जा वाळूत जिरते. ऊर्जा टिकते असे धरून हिशेब करणाऱ्याला पन्नासऐवजी पाच मीटर उत्तर येईल.

आजचे तिरंदाज प्रकाशाच्या दोन पडद्यांमधून बाण सोडून वेग मोजतात. पहिला पडदा ओलांडला की घड्याळ सुरू, दुसरा ओलांडला की बंद. १८६० च्या दशकात तोफगोळ्यांसाठी हेच काम तारांच्या जाळ्यांनी केले जाई, गोळ्याने तार तोडली की विजेचा प्रवाह थांबे. वेगाची इतकी काटेकोर मोजणी कशाला, याचे उत्तर कंपाउंड धनुष्याच्या स्पर्धेत मिळते. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरच्या ओजस देवतळे यांनी या प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. लक्ष्य ५० मीटरवर असते. बाण सेकंदाला ९० मीटरने निघाला तर त्याला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सरळ रेषेच्या दीड मीटर खाली येतो. नेमपट्टी ही घसरण धरूनच लावलेली असते. पण बाणाचा वेग एका टक्क्याने बदलला तर घसरण दोन टक्क्यांनी, म्हणजे तीन सेंटिमीटरने बदलते. दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या फक्त चार सेंटिमीटर असते.

गोळाफेकीत आणखी एक गोष्ट येते. गोळा हातातून सुटतो तो जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर, आणि पडतो जमिनीवर. त्यामुळे ४५ अंशांचा नियम लागू राहत नाही, सोयीचा कोन त्याहून कमी असतो. सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकून रौप्यपदक मिळवले. सुटण्याची उंची दोन मीटर आणि कोन ३८ अंश मानून उलटा हिशेब केला तर गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे १२ मीटर येतो. कोन दोन-तीन अंश इकडेतिकडे धरला तरी हा आकडा फारसा हलत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्याने या सगळ्या पद्धती शाळेच्या आवाक्यात आणल्या आहेत. साधे चित्रीकरण सेकंदाला तीस चित्रे घेते. भिंतीवर दर अर्ध्या मीटरला खूण करायची, भिंतीला लागून चेंडू फेकायचा आणि एकेक चित्र पुढे सरकवत चेंडूची जागा टिपायची. आडव्या दिशेने दर चित्राला चेंडू सारखाच पुढे गेलेला दिसतो. उभ्या दिशेने मात्र प्रत्येक पावलात मागच्या पावलापेक्षा १.१ सेंटिमीटरचा फरक पडत जातो. हा फरक म्हणजे ९.८ ला ९०० ने भागल्यावर येणारा आकडा. पृथ्वीचे गुरुत्व अशा रीतीने भिंतीवर वाचता येते. ट्रॅकर नावाची मोफत प्रणाली हेच काम संगणकावर करते, पण पहिल्यांदा हाताने करावे असे मी म्हणेन. एका पावलाला त्याच्या वेळेने भागले की त्या दोन चित्रांमधला सरासरी वेग मिळतो, आणि तोच मधल्या क्षणीचा वेगही असतो. चेंडू भिंतीपासून दूर आणि कॅमेऱ्याजवळ असेल तर तो खरा आहे त्यापेक्षा जास्त सरकल्यासारखा दिसतो, ही या पद्धतीतली मुख्य चूक.

क्रिकेटमधली वेगमापक बंदूक रडारवर चालते. चेंडूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारिता बदलते आणि त्या बदलावरून वेग निघतो. पालघरचे शार्दूल ठाकूर लोकलने मुंबईला खेळायला जात, हे या जिल्ह्यातल्या मुलांना पाठ असते. अशा वेगवान गोलंदाजाचा चेंडू ताशी १३५ किलोमीटरने सुटला आणि बंदूक चेंडूच्या रेषेपासून २० अंश बाजूला धरली, तर ती ताशी १२७ दाखवेल. रडारला आपल्या दिशेने येणारा घटकच दिसतो. वेग ही दिशा असलेली राशी आहे, हे वाक्य वर्गात पाठ करण्यापेक्षा या आठ किलोमीटरांच्या फरकातून अधिक पक्के समजते.

उंची कळत असेल तर ऊर्जेची वाट सर्वांत जवळची. सुरुवातीच्या वेगाच्या वर्गातून ९.८ गुणिले उंचीची दुप्पट वजा केली की त्या उंचीवरच्या वेगाचा वर्ग मिळतो. कोन विचारावाच लागत नाही. म्हणून एकाच उंचीवर, चढताना आणि उतरताना, वेग सारखाच असतो. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवरून पडलेल्या वस्तूचा जमिनीजवळचा वेग या हिशेबाने सेकंदाला ७३ मीटर, म्हणजे ताशी २६० किलोमीटरांहून जास्त येतो. आणि इथेच इतका वेळ बाजूला ठेवलेली हवा पुढे येते.

हवा नसती तर एक किलोमीटरवरच्या ढगातून पडलेला पावसाचा थेंब सेकंदाला १४० मीटर वेगाने अंगावर आदळला असता. प्रत्यक्षात दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरच्या आसपास स्थिरावतो, कारण त्या वेगाला हवेचा विरोध आणि थेंबाचे वजन सारखे होतात. प्रत्येक वस्तूला असा एक अंतिम वेग असतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोल दगडाचा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ५० मीटर, म्हणून गोफणीतून तीस मीटरने निघालेल्या दगडावर सुरुवातीला त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा विरोध असतो. हवा धरली नाही तर तो ९२ मीटर जायला हवा, प्रत्यक्षात बराच अलीकडे पडतो. अशा पडल्या जागेवरून साध्या सूत्राने वेग काढला तर उत्तर खऱ्यापेक्षा कमी येणार. पंपाच्या पाण्याला ३० सेंटिमीटरमध्ये, किंवा हाताने हळू टाकलेल्या चेंडूला, हवेची चिंता करण्याचे कारण नाही. वस्तूचा वेग तिच्या अंतिम वेगाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असेल तर विरोध वजनाच्या चार टक्क्यांहून कमी राहतो. हवा धरायची की सोडायची हे ठरवायला मला ही कसोटी सर्वांत सोयीची वाटते. गुरुत्व त्वरण डहाणूच्या अक्षांशावर ९.८ नसून ९.७९ च्या जवळ आहे, पण तो फरक हवेच्या विरोधापुढे नगण्य आहे.

रॉबिन्सलाही त्याच्या ठोकळ्याने हवेचा हाच प्रभाव दाखवला होता. बंदुकीच्या गोळ्या सेकंदाला सुमारे ५०० मीटरने सुटत होत्या. परवलयाच्या हिशेबाने त्या पंचवीस किलोमीटर जायला हव्या होत्या, आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतक्याही जात नव्हत्या. गॅलिलिओचे गणित तोफखान्याला जसेच्या तसे उपयोगी नाही हे सिद्ध झाले. ऑयलर या गणितज्ञाने १७४५ मध्ये रॉबिन्सचे १७४२ चे पुस्तक जर्मनमध्ये आणले ते स्वतःच्या विस्तृत टिपणांसह. आज पुण्यात पाषाणला संरक्षण संशोधन संघटनेची शस्त्रास्त्र संशोधन संस्था आहे. तिथे आरेखन झालेल्या १५५ मिलिमीटर तोफेने चाचणीत ४८ किलोमीटरच्या आसपास पल्ला गाठला. अशा तोफेच्या गोळ्याचा सुटतानाचा वेग सेकंदाला ९०० मीटर मानला तर हवेविना पल्ला ८० किलोमीटरांहून जास्त यायला हवा. गोळ्याची शेपटाकडची बाजू खास घडवून विरोध कमी केल्यानंतरही एवढा फरक उरतो.

हवेसह उलटा प्रश्न सोडवायचा तर सुटसुटीत सूत्र नाही, पण रीत आहे. सुरुवातीच्या वेगाचा आणि कोनाचा एक अंदाज घ्यायचा. सेकंदाच्या शंभराव्या भागाचे एकेक पाऊल टाकत जायचे: आताच्या वेगावरून विरोध काढायचा, विरोध आणि गुरुत्व मिळून आडवा आणि उभा वेग किती बदलेल ते काढायचे, त्यावरून वस्तूची नवी जागा काढायची. वस्तू जमिनीला टेकली की हिशेबातले अंतर आणि वेळ, मैदानावर मोजलेल्या अंतराशी आणि वेळेशी ताडून पाहायचे. हिशेबातला दगड अलीकडे पडला तर वेगाचा अंदाज वाढवायचा, पलीकडे पडला तर कमी करायचा, वेळ जुळत नसेल तर कोन हलवायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. गोफणीच्या दगडाला अशी चार-पाचशे पावले लागतात. आश्रमशाळेतल्या साध्या संगणकावर, तक्त्याच्या प्रणालीत, एका ओळीचे सूत्र खाली ओढत नेले की ती काही सेकंदांत पुरी होतात.